पडायची गादी

वरच्या मजल्यावर कोणी पडलं, की खालच्या शिवणवाल्या काकू यंत्राच्या चाकावर हात ठेवायच्या. यंत्र थांबलं की घर गप्प व्हायचं आणि त्या गप्पपणात काकू छताकडे बघत बसायच्या. आधी धप्प. मग थोडा वेळ काहीच नाही. मग पावलं, सावकाश, खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. आणि पुन्हा धप्प.

वर घड्याळजीचं बिऱ्हाड होतं. घड्याळजी चौकाच्या कोपऱ्यावर काचेच्या खोक्यामागे बसून घड्याळं दुरुस्त करायचा आणि इतकं हळू बोलायचा की गिऱ्हाइकाला दोनदा 'काय?' म्हणावं लागायचं. त्याची बायको पवनचक्क्यांच्या कंपनीत इंग्रजी कागद जर्मनमध्ये करून द्यायची, म्हणून सगळी गल्ली तिला जर्मनवहिनी म्हणायची. घरातला तिसरा माणूस घड्याळजीचा भाऊ. त्याला लहानपणी धाकटा म्हणत, तो वाढून दारापेक्षा उंच झाला तरी धाकटाच राहिला. तोही त्याच कंपनीत, पण त्याचं काम कागदावर नाही, वाऱ्यात. गावाबाहेरच्या डोंगरावर त्या पांढऱ्या पवनचक्क्या उभ्या आहेत ना, त्यांच्या पोटातल्या शिडीने वर चढायचं, बोल्ट आवळायचे, ग्रीस भरायचं आणि संध्याकाळी पायऱ्या मोजत खाली यायचं.

काकूंना संशय आला तो घड्याळजीचा. "असले हळू बोलणारेच वाईट," त्या शेजारणीला म्हणाल्या. "जो ओरडतो त्याचा राग तोंडाने निघून जातो. याचा कुठून निघतो?"

एकदा दोरीवर कपडे घालताना वहिनीची बाही वर सरकली आणि कोपराजवळचा निळा डाग काकूंनी पाहिला.

"कोपराला काय झालं गं?"

"पडले, काकू."

"कुठे?"

"घरातच."

"आणि परवा तो गुडघा?"

"तेव्हा पुढे पडले होते. आज मागे पडले." वहिनीने चिमटा तोंडातून काढून दोरीला लावला. "बाजूला पडायचं अजून जमत नाही."

काकूंनी आजूबाजूला पाहिलं, आवाज खाली आणला. "हे बघ, मी तुझ्या आईच्या वयाची. बाई 'पडले' म्हणते तेव्हा ती पडलेली नसते, एवढं कळतं मला. माझी खोली खालीच आहे. कधीही ये. कात्रीची धारही चांगली आहे माझ्या."

वहिनी हसली. हसायला नको होतं. त्या हसण्याने काकूंचा संशय पक्का झाला.

आता ती खरंच का पडायची, ते सांगायला हवं. आपण जिन्याने चढतो आहोत, पायऱ्या गाळून चालणार नाही.

लग्नाआधी तिला परिचारिका व्हायचं होतं. जर्मनीत परिचारिका लागतात असं कोणीतरी सांगितलं, म्हणून ती आधी जर्मन शिकली, पाठ करून, घोकून, घरातल्या भिंतींशी बोलून. मग प्रशिक्षणाला गेली. पहिल्याच दिवशी वॉर्डात एका म्हाताऱ्याच्या दंडातून रक्त काढत होते. ती बघत उभी होती आणि बघता बघता खिडकी काळी झाली. खिडकी जिथल्या तिथेच होती, उजेड तेवढा गेला. डोळे उघडले तेव्हा तीच खाटेवर होती आणि तो म्हातारा उठून बसून तिला वर्तमानपत्राने वारा घालत होता. परिचारिकेचं स्वप्न तिथेच संपलं. जर्मन तेवढं उरलं, आहेरात आलेल्या मोठ्या पातेल्यासारखं. टाकवत नाही, आणि वापरायला घरात एवढी माणसं नाहीत.

मग डोंगरावर पवनचक्क्या आल्या. मालक जर्मन, जागेवरचा कारभार इंग्रजीत. दोन्हींच्या मध्ये एक बाई लागत होती. पातेलं फळीवरून खाली आलं.

तिच्या टेबलावर येणारे बहुतेक कागद पडण्याचे असायचे. उंचावरचं काम, काही ना काही पडणारच. पाना पडला, टोपी पडली, शिडी पडली, माणूस पडला. डोंगरावरचा सुपरवायझर घाईत असायचा. इंग्रजीत घसरण्याला, ठेचकाळण्याला, गडगडण्याला वेगवेगळे शब्द आहेत, नाहीत असं नाही. पण तो 'फेल', म्हणजे नुसतं 'पडला', एवढं लिहून मोकळा व्हायचा. बोल्ट पडला, फेल. माणूस पडला, फेल. जर्मनला एवढ्यावर भागत नाही. ती दारातच अडवून विचारते, कुठून पडला? वरून खाली आला तर हेरुन्टरफालेन. उभ्या जागी आपटला तर हिनफालेन. उभी वस्तू कलंडली तर उमकिपेन. पाय घसरला तर आउसरुत्शेन, पाय अडखळला तर श्टोल्पर्न. आणि बाहेरून काहीच झालं नाही, माणूस आतूनच ढासळला, तर त्सुझामेनब्रेशेन. हा शब्द वहिनीला पहिल्यापासून आवडायचा नाही. बोलताना तो तोंडात मावत नाही आणि संपल्यावरही काहीतरी मोडल्याचा आवाज मागे राहतो.

तिकडे मुख्य कचेरीत एक बाई होती. वहिनीने तिला कधी पाहिलं नाही. गुळगुळीत शब्द घालून कागद पाठवला की ती बाई एकच शब्द लिहून तो परत करायची. 'वी?' म्हणजे 'कसा?' वहिनीला कधी कधी वाटायचं, ती बाई समोरच्या भिंतीच्या आतच बसलेली आहे.

एकदा एका रंगाऱ्याचा कागद आला. या वेळी 'टंबल्ड', म्हणजे गडगडला, असं लिहिलं होतं. वहिनीला तो रंगारी डोळ्यांपुढे काही केल्या पडेना. घरी येऊन तिने जुनी कापसाची गादी जमिनीवर टाकली, दार लावलं आणि स्टुलावरून पडून पाहिलं. खांदा, पाठ, कुल्हा, पुन्हा खांदा. शब्द सापडला. त्या दिवसापासून ती गादी पडायची गादी झाली. घड्याळजी संध्याकाळी यायचा, दाराबाहेर चपला काढून उभा राहायचा आणि हळूच विचारायचा, "येऊ का? की पडते आहेस?"

पडता पडता तिला एक गोष्ट कळली. कशीही पडली तरी तिचे हात तिच्या आधी पोचायचे. मागे पडली तर मनगट, पुढे पडली तर तळवे. हात पुढे काढायचे नाहीत असं ठरवून पडली, तरी शेवटच्या क्षणी ते निघायचेच, चोरासारखे.

कामगारांना हे सगळं कसं आवडावं? एखादा पडला की ही बाई डबा घेऊन त्याच्याशेजारी जाऊन बसायची. "आधी पाय गेला की हात सुटला?" तिला बिचारीला शब्द हवा असायचा. त्यांना वाटायचं कंपनीने कान पाठवला. ती आली की चहाचे पेले पुढ्यात घेऊन सगळे एकदम मान खाली घालून पोटऱ्या चोळायला लागायचे. एक वेल्डर तर तोंडावर म्हणाला, "बाई, पडलो ते पडलो. आता पडल्याचा पंचनामा कशाला?"

धाकटा तिची बाजू घ्यायचा. "माझी वहिनी आहे ती. तिच्यामुळेच मी इथे आहे." ते खरं होतं. वहिनी या घरात आली तेव्हा तो शाळेत होता. त्याचं इंग्रजी तिने घेतलं, कंपनीची जाहिरात तिनेच आणून दिली. आणि पहिल्यांदा वर जाऊन आला तेव्हा तो जेवताना बोलतच राहिला. "वहिनी, वर गेलं ना, की आपली गल्ली काडीएवढी दिसते. तुझी दोरी दिसत नाही, पण वाळत घातलेलं निळं लुगडं दिसतं. आणि वारा अंगाला असा रेलतो, ओळखीच्या जनावरासारखा." त्याच्यापाशी दुसरं काही नव्हतं. शिक्षण अर्धवट, लग्न जमता जमता मोडलेलं. वर जायची परवानगी हीच त्याची इस्टेट. खाली तो कोणाचा तरी धाकटा होता. वर फक्त तो आणि बेल्टाने त्याला अडकलेला जोडीदार.

आणि एके दिवशी वहिनीच्या टेबलावर कागद आला, त्यावर धाकट्याचं नाव होतं.

टॉवरच्या दारातून जमिनीवर उतरायला बाहेरून लोखंडी जिना असतो. वरचं काम आटोपून, बेल्ट सोडून, धाकटा त्या जिन्याने उतरत होता. सुपरवायझरने लिहिलं होतं 'फेल'. आणखी काही नाही. खडीवर पडला, खांदा सुजला, हनुवटी फुटली. जोडीदाराला विचारलं तर तो म्हणाला, "मी वर बघत होतो."

"वर काय होतं?" वहिनीने विचारलं.

"आभाळ," तो म्हणाला आणि उठून गेला.

घरी धाकटा पट्टी लावलेली हनुवटी वर करून बसला होता, एखाद्या फोटोतल्यासारखा. "घसरलो, वहिनी. जिना गुळगुळीत झालाय. बूट सटकला. लिही, घसरला. मोकळी हो."

"लिहिते," ती म्हणाली. पण त्याला ताट देताना तिने त्याच्या हातांकडे पाहिलं. तळवे स्वच्छ होते. नुसते स्वच्छ नव्हे, खडीचा एक ओरखडा नाही.

त्या रात्रीपासून घरात एक चौथं माणूस राहायला आलं. ते दिसत नव्हतं, पण सगळे त्याला वाट करून देत चालायचे. वहिनी धाकट्यावर नजर ठेवायची: तो वाकून बुटाची नाडी बांधतो तेव्हा भिंतीला हात लावतो का, उठताना थांबतो का. धाकट्याला ती नजर कळायची आणि तो मुद्दाम दाणदाण चालायचा. घड्याळजी दोघांकडे भिंग लावल्यासारखा बघायचा. आणि खाली काकू. धप्प थांबले होते, म्हणून त्यांना जास्तच काळजी लागली होती. "आता आवाजही करू देत नाही तिला," त्या शेजारणीला म्हणाल्या.

कचेरीत सेफ्टीसाहेबांनी वहिनीला बोलावलं. सुरक्षेचं सगळं त्यांच्याकडे, म्हणून त्यांना सगळे सेफ्टीसाहेब म्हणत. त्यांनी स्वतः उठून तिला खुर्ची दिली. ते कधी कोणाला खुर्ची देत नसत.

"तुमचाच दीर. म्हणून म्हटलं, बोलून घ्यावं," ते म्हणाले. "चक्कर वगैरे आली असेल का हो? तरुण मुलं जेवत नाहीत वेळेवर. तुम्ही घरच्या, तुम्हाला माहीत असेल. तसं असेल तर तसं येऊ द्या कागदात. खरं ते खरं."

वहिनी खुर्चीच्या कडेवरच बसली होती. जिना घसरडा निघाला तर जाब साहेबांना. माणूस ढासळला तर जाब माणसाला. घसरला म्हटलं तर पायऱ्यांना नवी खरखरीत पट्टी लागेल. ढासळला म्हटलं तर धाकट्याची तपासणी होईल आणि वर जायची परवानगी कायमची जाईल. तिच्या मनात जे होतं तेच साहेबांना हवं होतं आणि त्यामुळे तिला स्वतःच्या मनाचाच संशय यायला लागला. आपल्याला हे खरंच दिसलं, की या खुर्चीने दाखवलं?

दुपारी ती कंपनीच्या गाडीने डोंगरावर गेली आणि तो जिना चढली, उतरली, बुटाने घासून पाहिला. मधल्या पायऱ्यांची खरखरीत पट्टी खरोखरच झिजली होती. म्हणजे धाकटा म्हणतो ते होऊ शकलं असतं. पंखा वर हुंकार देत फिरत होता. ती खडीवर उकिडवी बसली, मूठभर खडी हातात घेऊन दाबली आणि उघडून पाहिली. नुसत्या दाबण्याने तळव्यावर खळगे उमटले होते.

तिने मधला मार्ग काढला. 'गेश्ट्युर्त्स्ट' लिहून पाठवलं. नुसतं जोरात पडला. कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. दुसऱ्या दिवशी कागद परत आला. 'वी?'

सुट्टीच्या दिवशी सकाळी तिने गादी पसरली.

"दाखव," ती धाकट्याला म्हणाली. "कसा घसरलास ते."

"माझ्यावर विश्वास नाही तुझा."

"रंगाऱ्यावरही नव्हता. दाखव."

"दादा, बघ ना ही!"

घड्याळजी कोपऱ्यात पुढ्यात घड्याळ उघडून बसला होता. "पडून टाक," तो म्हणाला. "माझी सुट्टी आहे, मलाही जरा बघू दे."

धाकट्याने स्टूल घेतलं, चढला, पाय सटकल्याचं सोंग केलं आणि गादीवर आदळला. धप्प. हात आधी पोचले होते.

"पुन्हा," वहिनी म्हणाली.

धप्प.

"आता हात न काढता."

"म्हणजे?"

"खडीवर तुझे हात टेकले नाहीत. तसा पड."

तो चढला, पडला, हात निघालेच. चिडून पुन्हा चढला. धप्प. "जमत नाही!" तो ओरडला. "असं कोण पडतं? मुद्दाम छळतेस मला!"

खाली यंत्र केव्हाच थांबलं होतं. एवढे धप्प, वर पुरुषाचा ओरडा. काकूंनी कापड मोजायची पट्टी उचलली आणि जिना चढल्या. वयाच्या मानाने फारच झपाट्याने चढल्या. दार ढकललं, पट्टी उगारली, "खबरदार पोरीच्या अंगाला हात..." एवढं म्हणाल्या आणि उंबऱ्याला ठेचकाळून पट्टीसकट गादीवर पालथ्या पडल्या.

मग गादीतून काकूंचा आवाज आला. "बघत काय उभे आहात? उठवा!"

त्यांना बसवलं, पाणी दिलं. त्या घड्याळजीकडे रागाने बघत होत्या, पण त्याच्या हातात केसाएवढी स्प्रिंग होती आणि चेहऱ्यावर इतकं आश्चर्य होतं की राग कुठे ठेवावा हे त्यांना कळेना. "मग हिला मारतं कोण?" त्यांनी विचारलं.

"कोणीच नाही, काकू. मी पडते. कामासाठी."

"कामासाठी पडते!" काकू म्हणाल्या. "आणि मी इतके दिवस डोळ्याला डोळा लावला नाही!" त्या तळहात फुंकू लागल्या. पट्टी पकडलेल्या हाताचं कातडं सोललं होतं आणि दुसरा तळवा गादीबाहेरच्या फरशीवर आपटून लाल झाला होता.

खोलीत सगळेच त्या तळव्यांकडे बघत होते. धाकटाही. ही बाई पडायचं ठरवून आली नव्हती. हातात पट्टी होती, डोक्यात भांडण होतं, तरी हात पुढे झाले होते. धाकट्याने सावकाश स्वतःचे तळवे उलटे केले, पाहिले, आणि खिशात घातले. मग बाहेर गेला.

वहिनीला तो जिन्याच्या वरच्या पायरीवर सापडला. ती एक पायरी सोडून खाली बसली, म्हणजे त्याच्या तोंडाकडे बघावं लागू नये.

"एकच विचारते," ती म्हणाली. "आधी काय गेलं? पाय, की उजेड?"

खाली कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"उजेड," तो म्हणाला.

"पहिल्यांदाच?"

"नाही." मग एकदम, "वर कधी नाही गं, वहिनी! शपथेवर सांगतो. वर कधीच नाही. खाली आलो की होतं. मला खालीच काहीतरी होतं."

"आज खाली होतं. उद्या वर होईल."

"लिहू नकोस. मी बेल्ट सोडणार नाही, जिन्यावरसुद्धा सोडणार नाही. घसरला लिही. पट्टी लावतील, कोणाचं काय बिघडेल?"

"तुझ्या बेल्टाला दुसऱ्या कोणाचा तरी मुलगा अडकलेला असतो."

"त्याला काही अडचण नाही. तो वर बघत होता." तो कडू हसला. "साहेबालाही हेच हवंय ना? विचारलं त्याने तुला? खुर्ची दिली?"

वहिनी दचकली. "दिली."

"मग झालं की. तू जर्मनची आहेस का घरची, एवढं सांग."

ती उठली, पदर झटकला आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी तिने तो मोठा शब्द लिहिला. लिहिल्यावर एकदा मोठ्याने वाचला. मग साहेबांकडे कागद घेऊन गेली आणि उभी राहूनच म्हणाली, "डोंगरावर जाऊन आले मी. मधल्या पायऱ्यांची पट्टी झिजली आहे. त्याचा वेगळा कागद काढा. तोही मीच करून देते." साहेबांनी तिच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर तिने कामगारांच्या डोळ्यांत पाहिलेली होती. पण कागद काढला.

धाकट्याच्या कागदावर मात्र 'वी?' आलं नाही. या वेळी तरी ते यावं असं तिला वाटत होतं.

तपासणी झाली. धाकट्याचं हृदय मधूनच एखादा ठोका गाळतं, असं डॉक्टर म्हणाले. गोळ्या दिल्या. वरची परवानगी गेली. त्याला खाली टॉवरच्या पायथ्याशी, गोदामाशेजारच्या खोलीत बसवलं, वर जाणाऱ्यांचे बेल्ट आणि हूक तपासायला. पोरं सकाळी त्याच्याकडून बेल्ट घ्यायची आणि वर जायची. तो खाली राहून त्यांच्या पावलांचे आवाज शिडीत विरेपर्यंत ऐकायचा.

तो वहिनीशी बोलेनासा झाला. "दादा, तिला सांग भाजीत मीठ नाही." वहिनी समोरच असायची. घड्याळजी मान वळवून सांगायचा, "भाजीत मीठ नाही म्हणतो." "त्याला सांगा, डबी त्याच्या हातापाशी आहे." असं चालायचं. गल्लीत बातमी फिरली होती की जर्मनवहिनीने दिराला खाली उतरवलं. कोणी म्हणे साहेबाने तिला बढती दिली, कोणी म्हणे देणार आहे. वेल्डर तर तिला बघून उठून उभा राहायला लागला, आणि तो मान देत नव्हता. एकट्या काकू तिच्या बाजूने होत्या, पण त्यांनाही नीट कळलेलं नव्हतं. "तू कर तुझं काम," त्या म्हणायच्या, "पण दार उघडं ठेवून पडत जा."

गोळ्या तो घ्यायचा नाही. रुसवा एवढा मोठा होता की त्यात त्या गोळ्यांनाही जागा मिळाली. वहिनीला त्या कपाटावर तशाच दिसायच्या. तिने घड्याळजीमार्फत निरोप दिला. उत्तर आलं, "तिला सांग, माझं मी बघतो."

एका संध्याकाळी वहिनी ब्लाउजचं माप द्यायला काकूंकडे बसली होती. घड्याळजी दुकानात होता. काकू टाचण्या ओठांत धरून तिची बाही धरत होत्या, आणि वर आवाज झाला.

धप्प.

काकूंनी सवयीने चाकावर हात ठेवला. मग टाचण्या काढल्या. "तू इथे," त्या म्हणाल्या. "मग वर कोण?"

वहिनीने हात वर केला, थांबा म्हणून. ती ऐकत होती. धप्प झाल्यावर थोडा वेळ काही नसतं, मग पावलं येतात. पडणारा उठतो आणि दुसऱ्या टोकाला जातो. ती पावलांची वाट बघत होती. आली नाहीत.

ती अर्ध्या बाहीने जिना चढली.

गादी भिंतीला गुंडाळून उभी होती. धाकटा तिच्यापासून हातभर अंतरावर उघड्या फरशीवर आडवा होता, एका कुशीवर, हात अंगाखाली गेलेले. तीच हनुवटी पुन्हा फुटली होती आणि रक्त फरशीवर उतरत होतं. वहिनीने रक्त पाहिलं. खिडकी कडेने काळी व्हायला लागली. ती पटकन खाली बसली, कारण बसलेल्या माणसाला पडायला फार जागा नसते. बसूनच तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं, पदराचा बोळा हनुवटीवर दाबला आणि बोळ्याकडे न बघता खिडकीकडे बघत राहिली. खिडकी हळूहळू परत उजळली.

त्याने डोळे उघडले. आधी छत पाहिलं, मग तिला.

"मी स्टुलावर नव्हतो," तो म्हणाला. जीभ जड होती. "नुसता उभा होतो. कपाटापाशी. त्या गोळ्यांकडे बघत."

"बोलू नकोस."

"नुसता उभा होतो, वहिनी." कितीतरी दिवसांनी त्याने तिला अशी सरळ हाक मारली होती, मध्ये दादा न घालता. त्याने हात अंगाखालून काढले आणि डोळ्यांसमोर धरून तळवे पाहिले. स्वच्छ होते. तो बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिला. मग विचारलं, "हा कोणता?"

"काय कोणता?"

"पडलो तो. जर्मनमध्ये. तू लिहिलास तो शब्द मी ऐकलाच नाही कधी."

"त्सुझामेनब्रेशेन," वहिनी म्हणाली.

त्याने ओठ हलवून पाहिले. हनुवटी दुखली, अर्ध्यावर सोडून दिला. "एवढा मोठा?"

"एवढाच आहे."

"पुन्हा म्हण."

तिने पुन्हा म्हटला. तो कान देऊन ऐकत होता, खालून शिडीतले आवाज ऐकायचा तसा. मग त्याने कपाटाकडे बोट केलं. तिने बोळा त्याच्या हाती दिला, भिंतीला धरून उठली आणि गोळी आणि पाणी आणलं.

खाली यंत्र अजून बंदच होतं. जिन्याच्या तळाशी काकू उभ्या असणार, पट्टी घेऊन. "अगं, बोल की!" त्यांचा आवाज वर आला. "कोण पडलं?"

धाकट्याने गोळी गिळली, कोपरावर उठला आणि दाराच्या दिशेने जमेल तेवढ्या जोरात ओरडला, "मी, काकू! मी पडलो!"